वासाच्या नोंदी

रोप आलं जुलैत. इकडे जुलै म्हणजे कडाक्याची थंडी;
दक्षिणेचा वारा सुटला की ओमारूची पांढरी दगडी घरं
अंग चोरून बसतात.
कागदी पिशवीत तीन काटेरी काड्या,
मुळांना ओला भुसा,
आणि चिठ्ठी: बुटकं झुडूप, जर्दाळू रंग.
खाली जाड अक्षरांत, तीव्र सुगंध.
मी हसले, एकटीच.

दोन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं.
म्हणजे जागेवर आहे, चष्मा टेकायला.
तीस वर्षं लोकरीच्या गोदामात
डोळे मिटून सांगायची मी
कुठला गठ्ठा आतून भिजलाय,
कुठल्या मेंढ्या समुद्राकाठी चरल्यात.
नाकासमोर चालत आलेली बाई.
आता समोर नुसता रस्ता.

"मग वासाचंच कशाला मागवलंस, मेरिन?"
कुंपणापलीकडून वाइओला. ती टोंगाची,
विचारायचं ते विचारून मोकळी होते.
म्हटलं, बुटकं आहे, खिडकीखाली मावेल.
खरं कारण मलाही ठाऊक नव्हतं.

रात्रभर बादलीत भिजवलं.
खड्डा कोपरभर, तळाशी लेंडीखत.
कलमाची गाठ मातीच्या वर की खाली
यावर आमचा अर्धा तास वाद;
शेवटी दोन बोटं खाली, बोटं वाइओलाची,
म्हणजे माझी तीन.
ऑगस्टअखेर छाटणी:
बाहेर बघणारा डोळा हेरायचा, त्याच्या वर तिरका काप.
गुलाबाला डोळे असतात, नाक नसतं.
म्हटलं, जमेल आपलं.

ऑक्टोबरात मावा पडला. चिमटीत चिरडला,
दोन दिवस बोटं हिरवी.
मग कळ्या, आधी विटेसारख्या लाल,
आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी एक उघडली:
अलेक्झांड्राहून ट्रक येतो ना फळांचा,
त्यातल्या वरच्या खोक्यातल्या जर्दाळूचा
उन्हाकडचा गाल.
आत पाकळ्या कोंबलेल्या,
कुणी घाईत बॅग भरावी तशा.

मी नाक खुपसलं.
गार. ओलं. एक मुंगी.

मग येईल त्याला विचारत सुटले.
टपालवाला केल्विन वाकला, टोपी सांभाळत:
"चहाचा डबा. रिकामा झालेला."
वाइओलाने डोळे मिटले, बराच वेळ उघडले नाहीत:
"आईच्या पेटीतला साबण. कधीच न वापरलेला."
पेंग्विन मोजणारी ती उंच मुलगी म्हणाली,
"मला नका विचारू, कामावरून आले की
दोन तास मला सगळं जग मासळीच."
वाइओलाचा नातू लिसिआते, वय सहा: "नारंगी."
फळासारखा? "नाही. रंगासारखा."
सगळं लिहिलं आइस्क्रीमच्या काड्यांवर,
खोचलं झाडाभोवती.
झुडूप कमरेएवढं, काड्यांचं कुंपण घोट्याएवढं.

जानेवारीत उकाडा. खालची पानं काळ्या ठिपक्यांनी गळाली,
आणि लिसिआतेच्या चेंडूनं नेमकी भरली फांदी मोडली.
तो आला फुलं हातात धरून,
जणू पकडून आणलेला आरोपी आणि पोलीस दोन्ही तोच.
रागावले नाही. एक काडी दिली त्याला, चोखायला, आइस्क्रीमसकट.
फुलं पेल्यात, पेला स्वयंपाकघरात.

रात्री दोनला जाग आली. काहीतरी जळतंय.
शेगडी पाहिली, बंद. हीटर, बंद.
भिंतीतली तार हात लावून पाहिली, गार.
टेबलाजवळ गेले तसं वाढलं.
पेला उचलला.
जळकं रबर. स्पष्ट.

नर्स म्हणाली होती, नसा परतल्याच
तर आधी वाट चुकतात, चुकीच्या दारावर थाप मारतात.
मी तेव्हा मान डोलावली होती,
लोक डोलावतात तशी.

काडी शोधली, पेन्सिल शोधली.
मेरिन: जळकं रबर. १९ जानेवारी, रात्री दोन वाजून दहा.
मग खुर्ची ओढून पेल्याशी बसले.
घाण वास. अगदी नाक मुरडावं असा.
मी मुरडलं.
परत जवळ नेलं, परत मुरडलं.